तिसरी नळी

सकाळी थंड इंजिनात टिकटिक,
वाडीच्या नाक्यापर्यंत गेलं की गप्प.
मी म्हणत होतो, व्हॉल्व.
धकाते मिस्त्रीनं बॉनेटसुद्धा पूर्ण उघडलं नाही,
नुसता कान दिला:
"बिडाचं मॅनिफोल्ड तडकलं भाऊ.
गरम झालं का फुगते, भेग मिटते.
थंड झालं का बोलाले लागते.
माणसाचं उलटं असते."

मग पंधरा दिवस घरात हेडर, हेडर.
भंगारातलं बिडाचंच घ्यावं, अडीच हजारात;
तेही कधी तडकेल याची ग्वाही कोण देणार.
दिल्लीचं एक खोक्यात, खोक्यावर वाघ,
चकाकी अशी की भांग पाडावा,
पण फ्लँज पातळ. पहिल्याच तापात पापड.
आणि हिंगण्याच्या शेडमधला पराते,
स्टीलच्या चार नळ्या हातानं वाकवणारा,
लांबी सुतळीनं मोजणारा.
"वाकणात टेप खोटा बोलते," म्हणाला.

लांब नळ्या की आखूड?
आखूड पटकन बसतात, कशाला नडत नाहीत.
मी त्याला माझं ओझं सांगितलं:
कूलरच्या पत्र्याच्या टाक्या, वाळ्याच्या ताट्या,
वजनाला काही नाही, वाऱ्याला भिंत.
पाचपावलीच्या पुलावर गाडी
दुसऱ्या गिअरमध्ये घसा खरवडते.
"मंग लांब," पराते म्हणाला
आणि चहा प्यायला गेला.

इंदूनं विचारलं, आवाज वाढंल?
थोडा.
अन् पैसे?
थोडे.
ती माझ्याकडे बघत राहिली. अकरा हजार
मी दुसऱ्या दिवशी सांगितले.

नवतपात दिवसा पान्याला हात लागत नाही.
कामठी रोडवर शटर अर्धं ओढून
रात्री दहाला हात घातला.
आठ नट, तीन दिवस तेल पाजलेले.
सात निघाले, कुरकुरत का होईना.
आठवा, पार मागचा, जिथे नजरही वाकून जाते,
कट् म्हणाला. एवढंच.
पान्याच्या पोटात अर्धा स्टड.

"आता कोणी बोलू नका बे."
तुटक्या बुडख्यावर धकातेनं नवा नट वेल्ड केला,
लाल होऊ दिला,
मेणबत्ती टेकवली. मेण आट्यांत ओढलं गेलं.
पाव फेरा पुढे. पाव मागे.
समोरून एक ट्रक गेला, दोन गेले.
मग तो स्टड असा निघून आला
जसा काही कधी अडलाच नव्हता.

टॉर्च प्राचीकडे होता. सुट्टीच्या दिवसांत
तिला झोप नसते, आणि घरी कूलर मीच विकलेला.
"स्टेअरिंगच्या रॉडपासून बोटभर जागा पाहिजे,"
धकाते म्हणाला.
"कोणाचं बोट?" प्राची.
त्यानं तिचं घालून पाहिलं, गेलं.
स्वतःचं घातलं, अडकलं.
नळी तापवून, लाकूड ठेवून, दोन ठोके.

गॅस्केट. मधले नट आधी, मग बाहेरचे.
मग स्पिरिटचा बोळा सगळ्या नळ्यांवर:
"स्टीलवर बोट उमटलं का भाजून निघते,
कायमचं."

पहाटे तीनला चावी फिरवली.
धूर आला, तेलकट, गोडसर, मग विरला.
नळ्या आधी पिवळट झाल्या, काडीच्या रंगाच्या,
मग वाकणापाशी जांभळी झाक.
टिकटिक नव्हती.
खालून एक भरदार आवाज, जेवून उठलेल्या माणसाचा.

दारात हॉर्न द्यावा लागला.
अकरा वर्षं त्या टिकटिकीवर फाटक उघडत आलेली इंदू
खाटेवरून म्हणाली,
"दुसऱ्याच कोणाची गाडी वाटली बाप्पा."

शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळायला गेलो.
टॉर्चखाली तिसऱ्या नळीवर, जांभळ्यात तपकिरी,
एक अंगठा. लहान.
रेषा मोजता येतील इतका स्पष्ट.
"हे कोणाचं बे?" धकाते म्हणाला.
प्राची शटरकडे बघत होती, फार लक्ष देऊन.

"पॉलिश मारलं तर निघते."
मी मधला नट
पाव आटा आवळला.